किती काड्या

आमच्याकडे केरसुणी घेताना बायका भाव करतात,
मूठ घट्ट आहे का बघतात,
दांडा गुडघ्यावर आपटून पाहतात,
पण काड्या किती, हे कुणी विचारत नाही.
मीही मोजत नाही. बापाने बजावलं होतं :
आकडा एकदा तोंडातून निघाला की तिच्या कानी जातो,
मग तिची रात्र वाचते
आणि पाळण्यातलं पोर वाचत नाही.

ती म्हणजे माशारा.
अंगाला तेल चोळून
किल्लीच्या भोकातून मांजरीसारखी आत शिरणारी.
लुकानियाच्या या डोंगरात तिला
कुलूप अडवत नाही, कुत्रा अडवत नाही.
दाराला बाहेरून केरसुणी टेकवून ठेवायची, बस्स.
तिला शापच असा, की समोर आलेलं मोजल्याशिवाय
पाऊल पुढे पडत नाही.
मोजता मोजता चुकते, पुन्हा पहिल्यापासून,
तेवढ्यात कोंबडा आरवतो.

हसू नका. मी बेल्जियमला चार वर्षं काढली आहेत.
खाणीत उतरताना दिव्याला हात लावून
काहीतरी पुटपुटत नाही असा माणूस मी पाहिला नाही,
इंजिनिअरसुद्धा.

त्या फेब्रुवारीत रात्री दोनाता आली.
शाल उलटी, पायात नवऱ्याचे बूट.
एजिदियो बावीस दिवसांचा, ताप उतरत नव्हता.
उशीखाली उघडी कात्री ठेवून झाली होती,
दुपट्याच्या टोकाला मीठ आणि गव्हाचे तीन दाणे बांधून झाले होते,
ताटातल्या पाण्यात तेल सोडून झालं होतं;
थेंब फुटून पसरले, म्हणजे नजर होतीच.
घरातली केरसुणी झिजून बोटभर उरलेली.
"दाट बांध," एवढंच म्हणाली.
माझे हात गारठलेले. सुतळी दोनदा तुटली.
मूठ बारीकच झाली, मला कळत होतं,
तिलाही कळलं असावं.
पैसे ठेवून गेली.

डोळ्याला डोळा लागेना.
पहाटेआधी उरलेल्या काड्या काखोटीला मारून निघालो,
म्हटलं अंधारातच मुठीत खोचून येऊ.

उंबऱ्यावर कुणीतरी बसलं होतं.
लुक्रेझिया. गावाच्या खालच्या टोकाची,
जिची तीन मुलं पाळण्यातच गेली,
आणि तेव्हापासून जिला पाहून
बायका एप्रनखाली अंगठा मुठीत दाबतात.
पाठीवर बर्फ. मांडीवर केरसुणी आडवी.
बोटं काडीकाडीवरून सरकत होती, ओठ हलत होते.
मला सगळ्या संतांची नावं आठवली,
एकही उच्चारता आलं नाही.

"आठशे चाळीस," ती मान न उचलता म्हणाली,
"बोलू नकोस, चुकेन."

मग आतून रडणं आलं.
आधी बारीक, मग चांगलं चिडकं, भुकेलं.
तिची बोटं थांबली.
बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली.
केरसुणी होती तशी दाराला टेकवली,
गुडघ्यांवर हात रेटून उठली.
"फार बारीक बांधलीस रे.
मध्यरात्रीपर्यंतच दोनदा संपली.
मी आपली पुन्हा पहिल्यापासून धरली."

आणि उतारावरून निघून गेली.
बर्फात तिच्या पावलांचे ठसे
साध्या माणसाचे होते, एक पाय जरा ओढत चालणाऱ्या.

दोनाताला मी हे सांगितलं नाही.
काखेतल्या काड्या तशाच घरी आणल्या.
एजिदियो आता ट्रक चालवतो,
आरशाला लाल शिंग टांगतो,
लुक्रेझियाच्या दारावरून जाताना काच वर करतो.

मी अजून केरसुण्या बांधतो. काड्या मोजत नाही.
फक्त मूठ आवळून झाली
की वरून आणखी पसाभर खोचतो.
दाट आहे हो, बायका म्हणतात, टिकेल.
टिकेल, मी म्हणतो.
थंडीतल्या रात्री मोठ्या असतात.